तीन नंबरचा बावटा

पहिल्या खेपेला तिचा भाऊ नळी घेऊन आला
बर्फात खुपसून.
तारामुंबरीहून रत्नागिरी, पहाटेची एसटी,
मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्याला बांगड्याचा वास.
म्हटलं, अरे, रक्त म्हणजे मासळी नव्हे,
या तपासणीला बर्फ चालत नाही,
पेशी गारठल्या की खोटं बोलतात.
तो नुसता बघत राहिला.
त्याच्या घरात जे टिकवायचं ते बर्फातच टिकतं.

दुसऱ्या खेपेला ती स्वतःच आली.
दर्पणा कोयंडे, वय एकोणीस.
नाकाच्या दोन्ही अंगांना लाली, नुसत्या उन्हाची नव्हे.
सकाळी जाळ्याची गाठ मारायला बोटं मिटत नाहीत, म्हणाली,
दंड पुढे केला
आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढचं काम यंत्राचं.
भरतीला खाडीच्या तोंडातून एकेक होडी आत यावी
तशी एकेक पेशी लेझरसमोरून जाते
आणि मी मोजते, कुणाच्या काठीवर काय चढलंय.
पेशी चेतली की तिला लपवता येत नाही,
अंगावरच निशाण उगवतं.
आधी एकोणसत्तर नंबरचं, काही तासांत,
तितक्याच घाईनं उतरणारं.
मग पंचवीस.
डीआर सगळ्यांत उशिरा, दिवस उलटल्यावर,
पण एकदा आलं की उठायचं नाव नाही.
प्रत्येकाला मी वेगळ्या रंगाचा दिवा बांधते.
पडद्यावर पेशी दिसत नाहीत,
दिवे दिसतात.

माझे बाबा देवगड बंदरात शिपाई होते.
वादळाची तार आली की बावटा चढवायचे,
रात्री लाल-पांढरे कंदील.
मी चौथीत असताना तीन नंबर चढला
आणि वादळ भलतीकडेच गेलं.
समुद्र तेलासारखा.
उतरवायची तार मात्र आलीच नाही.
एक दिवस, दोन, चार.
होड्या वाळूवर, माणसं होड्यांच्या सावलीत,
मग कुणी कुणाची दोरी कापली,
कुणी कुणाच्या जाळ्यावर पाय दिला.
त्या आठवड्यात बंदरात एकच डोकं फुटलं,
तेही वल्ह्यानं.
बाबा काठीखाली बसून शिव्या खात होते.
चढवायला भीती पुरते गो, म्हणाले,
उतरवायला हुकूम लागतो.

दर्पणाच्या पडद्यावर दिवेच दिवे.
ताप नाही, जंतू नाही, कापल्याची खूण नाही,
आणि डीआर इतक्या काठ्यांवर
की मी कंट्रोलची नळी पुन्हा लावून पाहिली.
मशीन बरोबर होतं.

पंचवीसचं एक कोडं आहे.
दंगा करणाऱ्या पेशी तेच निशाण लावतात,
दंगा शमवणाऱ्याही तेच.
बाहेरून ओळख पटत नाही,
भिंतीला भोक पाडून आत शोधावं लागतं
कोण कशासाठी उभा आहे.
मी शोधलं.
शमवणाऱ्या होत्या.
मोजक्या,
चार दिवस काठीखाली बसलेल्या माणसासारख्या.

अहवालात मी टक्के लिहिते.
अर्थ डॉक्टर सांगतात, सोमवारी, अकरानंतर.
पण ती जिन्यात थांबली होती,
हातात जेवणाचा डबा, झाकण उघडता न आलेला.
ताई, माका नक्की काय झालाहा?
आतमदी वादळ इलाहा काय?

मी डबा उघडून दिला. भाकरी आणि सुकटीची चटणी.
वादळ नाय, म्हटलं.
बावटो उतरवूचो रवलो.

ती गाबताची पोर. हसली नाही, रडली नाही.
भाकरीचा तुकडा मोडायला दोन्ही हात लावले
आणि विचारलं ते एवढंच,
मगे होडी कितके दिवस वाळवेर?