दुसरा आकडा

तीस वर्षं मी शाळेत आकडे शिकवले,
निवडणुकीच्या ड्युटीवर आकडे मोजले.
शिक्षक मतदारसंघात मत द्यायला गेलो
की हातात जांभळं स्केचपेन मिळे.
शिक्का नाही; नावापुढे लिहा एक, दोन, तीन.
बाहेर आल्यावर बोटाला तो रंग राही
आणि वाटे, आज कुणीतरी आपल्याला
अख्खं वाक्य बोलू दिलं.

आमचं गाव अनेरच्या काठी.
टाकी एक, व्हॉल्व्ह तीन,
चावी पाणी समितीच्या अध्यक्षाच्या खुंटीला.
मागच्या खेपेला चिठ्ठ्यांवर फुल्या मारल्या:
लोटन अप्पा एकशे अठ्ठावन्न,
उखर्डू महाजन एकशे सदतीस,
सायबू तडवी एकशे पंचवीस.
गुलाल उडाला.
मी घरी येऊन पाटीवर बेरीज केली.
दोनशे बासष्ट जणांनी दुसरंच कुणी मागितलं होतं,
पण त्याचा रकाना तक्त्यात नसतो.

पाच वर्षं वरच्या गल्लीत गोठे धुतले गेले,
तडवी वस्तीत हंडे उपडे.
अप्पा काही लपवत नव्हते.
"जेस्नी माले मत दिन्हं, तेस्ले पानी."
हिशेब सरळ होता. हिशेबच तसा मांडलेला होता.

ग्रामसभेत मी उठलो, जांभळं पेन दाखवलं.
मागून कुणी ओरडलं,
"गुरजी, आते नवरदेवबी दोन लिखाना का?"
मंडप हसला, मीही हसलो.
हसता हसता ठराव मंजूर झाला.
आमच्याकडे बरेच ठराव असेच होतात.

मग मे महिना. केळीची पानं कडेनं करपलेली.
भर दुपारी छत्री घेऊन अप्पा
नाल्यापलीकडे निघालेले मी पाहिले,
जिथं ते मयतीलासुद्धा गेले नव्हते.
जैतूनबाईच्या ओट्यावर बसले.
"पहिला आकडा सायबूलेच द्या, मी कोठे नही म्हनस?
दुसरा तरी माले द्या."
तिनं कळण्याची भाकरी ठेवली, ठेचा ठेवला,
आणि अर्धा तांब्या पाणी.
"एवढंच शे," म्हणाली.
अप्पांनी भाकरी खाल्ली. पाणी मात्र
बराच वेळ हातात धरून बसले.

उखर्डू कुठं गेला नाही.
म्हणाला, माझी गल्ली माझ्यामागं आहे.
होतीच.

मोजणी चौथीच्या वर्गात.
एकशे एक्कावन्न, एकशे चाळीस, एकशे एकोणतीस.
निम्म्याच्या वर कुणीच नाही.
सायबूचा गठ्ठा सोडला.
एरवी हरलेल्याची मतं सुतळीत बांधून
पोत्यात जातात;
आज एकेक चिठ्ठी पुन्हा वाचली गेली
आणि सायबू माझ्या शेजारी उभा राहून बघत होता,
पोरगी सासरी जाताना बाप बघतो तसा.
एकोणपन्नास उखर्डूला. नऊ कोऱ्या.
एकाहत्तर अप्पांना.

होय, निवडून अप्पाच आले.
एवढा खटाटोप करून तोच माणूस,
असं माझी बायकोही म्हणाली.

टाकीवर गेरूनं वेळापत्रक लिहिलंय आता.
सोम, गुरू वरची गल्ली; मंगळ, शुक्र महाजनवाडा;
बुध, शनि तडवी वस्ती.
पाणी वाढलं नाही, थेंबभरही नाही.
परवा बुधवारी नळ कोरडे राहिले तेव्हा
जैतूनबाई अप्पांच्या ओट्यावर येऊन बसली,
बोलली काही नाही.
अप्पा जेवण अर्धं टाकून उठले,
खुंटीवरची चावी काढली,
पुटपुटले, "एकाहत्तर."

मी कुणाला कितवा आकडा दिला ते विचारू नका,
मत गुप्त असतं.
आता विधानसभा आली. पुन्हा तेच यंत्र,
एक बटण, एक लांब शिट्टी, आणि
संपलं माझं बोलणं.
मागचा माणूस ढकलतो, गुरुजी, झालं ना?
झालं, म्हणतो,
आणि बोट अजून
दुसरं बटण शोधत असतं.