निळी पट्टी

दाराशी एक ट्रे असतो, माझ्या ताब्यातला.
अंगठ्या, घड्याळं, कानातलं, केसांतल्या पिना,
सगळं त्यात उतरवायचं, मग हात धुवायचे,
मग जाळीची टोपी, मग पांढरा कोट, ज्याला खिसाच नाही.
ग्रिम्सबीतल्या माशांच्या या कारखान्यात
बावीस वर्षं मी माणसांच्या अंगावरून
वस्तू काढून घेतो आहे.

नोव्हेंबरात ट्रे लाल होतो.
कागदी पॉपी, मधे काळं बटण, मागे टाचणी.
टाचणी म्हणजे कुणाच्या तरी घशात अडकू शकणारी गोष्ट,
हे मी दर वर्षी त्याच आवाजात सांगतो
आणि दर वर्षी मॅव्हिस ऑल्डरसन
फूल ट्रेमध्ये पालथं पडू देत नाही.

तिचा भाऊ ब्याऐंशी साली जहाजावर स्वयंपाकी होता,
पार दक्षिणेच्या समुद्रात. एकोणीस वर्षांचा.
त्याच्याही अंगावर पांढराच कोट असणार,
एवढं ती एकदाच बोलली, काटे काढता काढता,
आणि पुढचा मासा ओढला.

एका वर्षी तिने लोकरीचं विणून आणलं. टाचणी नाही, शिवलेलं.
मी नियम उघडला : धागा सुटतो.
पुढच्या वर्षी टोपीवर पेनाने काढलं.
मी नियम उघडला : शाई.
"मग गोंदवून घेऊ का?" ती म्हणाली.
रांगेत खसखस पिकली. मीही हसलो,
आणि घरी जाण्याआधी नियम पाहून घेतला.
गोंदवण्याबद्दल काही नव्हतं.
मी ते तिला सांगितलं नाही.

अंगावर एकच गोष्ट चालते आमच्याकडे :
जखमेवरची निळी पट्टी.
निळी, कारण माशात निळं काही नसतं.
आत धातूचा पापुद्रा, हरवली तर यंत्र ओरडतं.
मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची,
वहीत लिहायचं : नाव, बोट, कारण.

त्या अकरा तारखेला ती खिडकीशी आली.
उजव्या हाताची तर्जनी पुढे.
मी पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता.
"कधी लागलं?"
"मे महिन्यात."

कारणाचा रकाना दोन बोटांएवढा.
मी लिहिलं : कापलं.
पट्टी मीच गुंडाळली, फार घट्ट नाही.

अकरा वाजता पट्टा थांबत नाही आमच्याकडे,
मासा वितळतो.
कानांत बोळे, ऐकू कुणालाच काही येत नाही,
तरी दोन मिनिटं तिची सुरी फळीवर आडवी होती.
तिच्यासमोरून तसेच निघालेले मासे
पलीकडच्या इग्नासने न बोलता ओढून घेतले.

तो जानेवारीत आला, तेरा तारखेला.
त्याच्या लिथुआनियात त्या दिवशी
कोटाला एक निळं फूल लावतात,
ज्याच्या नावातच न विसरणं आहे.
मावशी रणगाड्यासमोर उभी होती म्हणे, टॉवरपाशी, थंडीत.
त्याचं एक बरं, रंग आयता जुळतो.
करंगळी. कापलं.

पुढच्या नोव्हेंबरात खिडकीशी रांग.

मार्चमध्ये तपासणीच्या बाई आल्या, चष्मा कपाळावर.
"एकाच दिवशी, एकाच लाइनीवर, सव्वीस बोटं?
सुऱ्या कशा धरायच्या ते शिकवा यांना."
"थंडी," मी म्हणालो. "थंडीत चुकतो हात."
त्यांनी ते लिहून घेतलं.
मग पानं मागे उलटली, रकान्यावर नख ठेवलं.
सव्वीस दिल्या, पंचवीस परत.
"एक कुठे गेली?"

मी यंत्राच्या नोंदी दाखवल्या. ओरडलं नव्हतं कधीच,
म्हणजे माशात नाही, याची खात्री बाळगा.

तो मॅव्हिसचा शेवटचा दिवस होता.
कोट दिला, टोपी दिली, गमबूट दिले, हात धुतले,
आणि सवयीने ट्रेसमोर थांबली, बोट तसंच धरून.
मी वहीत काहीतरी शोधत राहिलो
ती बाहेर जाईपर्यंत.