केळी आणू नका

चिठ्ठीत मी साफ लिहिलं होतं:
रविवारी, सहा वाजता, ऊन उतरल्यावर.
चहा आंबट, खाणं आंबट,
नेसायचं ते लिंबाच्या नाहीतर संत्र्याच्या रंगाचं.
आणि खाली रेघ ओढून:
केळी आणू नका.

चौतीस वर्षं भुसावळच्या पार्सल ऑफिसात
मी दुसऱ्यांची फळं मोजली.
मोसंबीच्या करंड्या, केळीचे घड,
संत्र्यांच्या पेट्या बावीस, एक फुटकी, इथे सही करा.
कुठल्या फलाटावर काय उतरलं
ते वासावरून सांगायचे.
घरी मात्र कधी कुणाला बोलावलं नाही.
आधी शिफ्ट होती,
मग शिफ्टची सवय.

मे महिन्यात आमच्याकडे सहाला ऊन उतरत नाही,
ते नुसतं भिंतीत जाऊन बसतं.
पारा सेहेचाळीस. लिंबू दहाला एक.
भाजीवाला म्हणाला, मॅडम, हे सोनाराकडे मिळेल.
तरी वीस घेतली.
मोसंबी सोलली, वरचा पांढरा पापुद्रासुद्धा काढला,
फोडींवर काळं मीठ, जिरेपूड.
रव्याच्या केकमध्ये संत्र्याच्या सालीचा कीस,
तो कुकरमध्ये एका बाजूने बसला,
ती बाजू मी भिंतीकडे केली.

विमल झोपे आली हळदीच्या डागांची साडी नेसून,
म्हणाली, पिवळा तं पिवळा.
रोझलिनबाई केशरी झग्यात, केसात पिन, पंचाहत्तरीच्या.
नजमा तडवी ड्यूटीवरून थेट, नर्सच्या पांढऱ्या कपड्यात:
मी आतली साल समजा.
शेजारचे निंबाभाऊ बोलावलेच नव्हते,
ते नावाच्या जोरावर आले.
निंब कडू असतो हो, म्हटलं.
तेवढ्यात त्यांनी खुर्ची ओढली होती.

काचेच्या पेल्यांत काळा चहा,
वर लिंबाची चकती, तरंगणारी.
सगळे तिच्याकडे बघत बसले,
आधी ती खायची की काढायची.
"काया चहा माह्या घशाखाले नई उतरत वं,"
विमल म्हणाली, म्हणून तिला दुधाचा केला.
आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून,
तिने त्यातच लिंबू पिळलं.

दूध फाटलं.
कपाकडे पाच जण वाकून बघत होतो
आणि लाईट गेली.
कूलरचं पातं दोन फेरे फिरून थांबलं.
रोझलिनबाई अंधारात म्हणाल्या,
आता पनीर होईल, थांबा.
त्या हसण्याचा आवाज माझ्या घराला नवा होता,
भांडी ठेवायच्या फळीपर्यंत गेला.

खुर्च्या मागच्या अंगणात नेल्या.
तिथे माझं लिंबाचं झाड, नऊ वर्षांचं,
बीपासून लावलेलं,
काटे भरपूर, फळ एक नाही.
मी त्याला येताजाता बोलते, चांगलं नाही बोलत.
निंबाभाऊ म्हणाले, तोडा, जागा होईल.
नजमाने काही न बोलता
चार कोवळी पानं खुडली, तळहातावर चुरगळली,
आत जाऊन मेणबत्तीवर नव्हे, गॅसवरच,
पण मेणबत्तीच्या उजेडात
विमलसाठी पुन्हा दूध ठेवलं.
आमच्या यावलकडे असाच करतात, म्हणाली.
पान घातलं. उकळी आली.
फाटलं नाही.

विमलने पहिला घोट घेतला,
कप दोन्ही हातांत धरून बसली,
मग म्हणाली, अजून आहे का?
तो चहा सगळ्यांनी प्यायला.
काळा चहा चकत्यांसकट निवला.
कुणी झाडाकडे बघितलं नाही,
मी बघितलं.

साडेनवाला लाईट आली. माणसं गेली.
पेले मोजले, सवयीने: पाच, फुटका नाही.
दाराच्या मागे, चपलांच्या स्टँडवर
वर्तमानपत्रात गुंडाळलेली
अर्धा डझन केळी.
नाव नाही, चिठ्ठी नाही,
कोणी आणली ते कळायला मार्ग नाही.
पुड्यावर हात ठेवून
मी थोडा वेळ उभी राहिले,
मग आत घेतली,
सहीशिवाय.