बाकी चारशे

जूनचा दुसरा हप्ता. अमरावती रोडवरची इमारत,
खिडकी क्रमांक तीन, म्हणजे मी.
कूलरची मोटर सकाळपासून नुसती गुरगुरते आहे,
पाणी वर चढत नाही, वाळ्याच्या ताट्या ठणठणीत कोरड्या.
पंख्यानं अर्ज उडू नयेत म्हणून
कन्हानच्या पात्रातून आणलेले तीन गुळगुळीत दगड
गठ्ठ्यांवर ठेवलेत.

मशीन सगळं काढून देते, ढोबळे म्हणतात,
काहून डोकं लावता बाप्पा?
पण बावीस वर्षांची खोड.
अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
मी पेन्सिलीनं एकदा भाग देऊन पाहतोच.

उन्नती लांजेवार, राहणार दिघोरी.
मराठी एक्क्याण्णव, भूगोल एक्क्याण्णव,
इतिहास अठ्ठ्याऐंशी, राज्यशास्त्र शहाऐंशी,
अर्थशास्त्र एकोणऐंशी,
इंग्रजी चौसष्ट.
सहाशेपैकी चारशे नव्व्याण्णव.
पाचशेला एक कमी.
किराणावाला असता तर सोडून दिला असता.

त्र्याऐंशी. टिंब. एक.
मग सहा, बाकी चारशे.
पुन्हा सहा, बाकी चारशे.
पुन्हा सहा.
हा भाग संपायचा नाही,
कागद संपेल, पेन्सिल संपेल,
चारशे उरतीलच.
रकान्यात टिंबापुढे घरं मात्र दोन.
दुसऱ्या सहाचा सात करतो, नियमानं.
त्र्याऐंशी पॉइंट सतरा.

तिच्या वरचं नाव एका मुलाचं.
त्याला मी पाहिलेलं नाही, कागद तेवढा पाहिला.
वर्धा रोडची शाळा, दुसरं बोर्ड,
पाचशेपैकी चारशे सोळा.
त्याचा भाग कसा स्वच्छ सुटतो!
त्र्याऐंशी पॉइंट वीस, बाकी शून्य.
विषय त्याच्याही गुणपत्रिकेवर सहाच आहेत,
पण त्याच्या हिशेबात सगळ्यांत पडका विषय गळतो,
तिच्या हिशेबात सहाही धरायचे.
परिशिष्ट ब, मुद्दा चार, खाली शिक्का जरा तिरका.
पोराचा यात काय दोष.
जागा एक उरली आहे.

कुणी बघत नाही असं पाहून
मी तिचे इंग्रजीचे चौसष्ट झाकले, अंगठ्यानं.
चारशे पस्तीस. पाचशेपैकी.
सत्त्याऐंशी.
खोडरबर सापडेना, बोटानं पुसलं,
तर आकडा जाण्याऐवजी पसरला.

तिचा बाप तेवढ्यात आत आला होता,
न विचारता, कूलरपाशी उकिडवा बसलेला.
साहेब, गाळ बसला जी पंपात.
शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर,
हात टाकीत, गालावर काळं पाणी,
हाच धंदा, म्हणाला, मार्च ते जून.
पोरगी दारात उभी,
बापाकडे बघावं की यादीकडे
हे न ठरल्यासारखी.

मोटर खाकरली. ताट्या भिजल्या.
वाळ्याचा वास खोलीभर आला
आणि ढोबळेंनी डोळे मिटून घेतले.

मग मी सांगितलं. सतरा आणि वीस.
तो ओल्या हातानं कागद न धरता
वाकून बघत राहिला पेन्सिलीची ती शिडी,
सहा, सहा, सहा.
आन् हे बाकीचे कोठी जाते जी?

जात नाहीत, मी म्हणालो, सात केला ना मी,
उलट थोडे जास्तच मिळाले तिला.
हे खरं होतं.
खरं बोलताना आवाज इतका बारीक का झाला, माहीत नाही.

उन्नतीनं फाइलची नाडी बांधली,
दोनदा, पहिली गाठ सुटली म्हणून.
पैसे विचारले मी, कूलरचे.
तो नाही म्हणाला. दारापर्यंत गेला,
वळला,
हप्त्यातून एकदा पानी बदलत जा साहेब,
नाही तं पुन्हा बसते.