सात भागिले दोन

बरक्याला समुद्र प्रकल्पात शिरतो खारट
आणि टँकरमधून निघतो गोडा.
मधलं सगळं मोजते एक जुनी स्क्रिप्ट,
पायथन दोन पॉइंट सातमधली,
तंगचननं लिहिलेली. तो कोट्टयमला परतला कधीच,
पहिल्या ओळीवर त्याची सूचना तेवढी राहिली:
चालतंय. हात लावू नये.

मला हात लावायलाच आणलंय.

नव्या सर्व्हरला जुनी भाषा कळत नाही.
एक पॅकेज चढवावं तर दुसरं रुसतं,
दुसऱ्याला तिसरं लागतं, तेही चार वर्षांपूर्वीचंच,
आणि तिसऱ्याचा कर्ताधर्ता, कुठल्याशा बर्फाळ गावचा,
लिहून मोकळा झालाय:
मुलगी झाली. आता जमणार नाही.

म्हणजे अर्ध्या बरक्याचं पाणी
अडलंय एका बाळाच्या झोपेपाशी.

रुवीच्या फ्लॅटवर परकारचाचा पेज गाळत होते.
त्यांना सांगितलं. म्हणाले, "ही तर आपलीच खोली की रे."
हॉल एक, प्लायवूडची पार्टिशनं चार,
चार तवे, चार बरण्या,
मीठसुद्धा ज्याचं त्याचं:
त्यांचं दापोलीहून आणलेलं खडेमीठ, लिंबूचं नेपाळी काळं,
माझं सुपरमार्केटातलं, आयोडीनवालं.
"कुणी कुणाच्या बरणीत चमचा घालायचा नाय.
जुनीला तिचं पार्टिशन दे, नवीला तिचं."

दिलं. रात्रभर दोघी शेजारी शेजारी चालवल्या,
तेच मीटर, तेच आकडे.
पहाटे तीनला उत्तरं वेगळी पडली.
दोन मीटरांची बेरीज सात, भागिले दोन:
जुनी म्हणाली तीन,
नवी म्हणाली साडेतीन.

जुन्या भाषेचा स्वभावच तो.
पुरे भरतील तेवढे मोजायचे, उरलं ते सांडायचं,
कुणाला न सांगता.
नऊ वर्षं.

जिभेला कळू नये इतकंच मीठ ते, मान्य.
तरी तंगचनला फोन लावला.
मागे कोंबडा आरवत होता. त्यानं ऐकून घेतलं,
मग म्हणाला, "माझी साडेनऊ झाली होती तिथं.
हिशेब नऊचा दिला."
आणि विचारलं, कँटीनमधलं ते काणं मांजर
अजून येतं का.

खल्फान साहेबांनी दोन्ही कागद पाहिले.
"जुन्या नोंदींशी जुळलं पाहिजे," एवढंच बोलले.
भागाकाराच्या तिरप्या रेघेशेजारी
मी आणखी एक तिरपी रेघ ओढली.
बास. साडेतीनचे तीन झाले.

जुनीला देवनागरी दिसली की ती कोसळायची.
नवीला चालते.
म्हणून त्याच ओळीपुढे मराठीत लिहून ठेवलं,
वाचणारा कोण येईल, ठाऊक नाही:
इथं अर्धं सांडतं. मुद्दाम.
हात लावायला हरकत नाही.