चेहरा पडण्याआधी

समुद्राकडून टे नदीवर धुकं चढत येतं,
डंडीतले लोक त्याला ‘हार’ म्हणतात.
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, कुणाची?
इशबेलला विनोद समजावून सांगण्यात
बस निघून गेली.

आमचं काम तळघरात.
बेडकांच्या टाक्या, अठरा अंश, पंपाची घरघर.
अंडी म्हणजे भिजलेला साबुदाणा,
फक्त प्रत्येक दाण्याला एक काळी बाजू.
एका रात्रीत पाठीवर पन्हळ पडते,
तिचे काठ उचलतात, करंजीसारखे मिटतात,
आणि त्या मुरडीतून काही पेशी सुटतात,
चेहऱ्याकडे निघालेल्या,
चेहरा अजून नसताना.

वाट कोण दाखवतं?
बरीच रसायनं दाखवतात. आम्ही एकाच्याच मागे आहोत.
सेरोटोनिन. पुढे मेंदूत ज्याचा एवढा गाजावाजा,
ते अंड्यात आधीपासूनच, आईनं ठेवलेलं,
एकही मज्जातंतू जन्मला नसताना.
घर बांधायच्या आधी आलेलं पत्र.
ते वाचूनच गवंडी भिंत घालतात म्हणे.

‘क’ डिशमध्ये आम्ही पत्र अडवतो.
सहाव्या दिवशी कूर्चा निळ्या रंगात भिजवली
की भिंगाखाली दिसतं:
‘अ’मध्ये जबडा, नालेसारखा, नेटका.
‘क’मध्ये कुठे आखूड, कुठे एका अंगाला कललेला,
कुठे नुसता निळा ओरखडा.
मी मोजते. एकशे बारापैकी चौतीस.
इशबेल वहीत लिहून घेते,
तिचा चार नेहमी तोंड उघडा ठेवून.

माझ्या पर्समध्ये पांढरी गोळी आहे.
रोज एक, नाश्त्यानंतर. ह्याच रसायनासाठी.
आणि पोटात एकोणीस आठवडे.
पर्थ रोडच्या डॉक्टर फार्कर म्हणाल्या,
बेडूक तो बेडूक. गोळी मनानं बंद करू नका.
मी मान डोलावली.
रात्री गोळी तळहातावर ठेवून ओट्यापाशी उभी राहिले,
कोमट पाणी पार गार होईपर्यंत.
मग घेतली.

आई व्हिडिओवर म्हणते, चेहरा पडलाय तुझा.
आपल्याकडे चेहरा पडतो, उतरतो, खुलतो,
कुणी तो पाडून बसतं.
मुळात उभा कसा राहतो,
ते कुणी विचारत नाही.

इशबेलची आई ज्यूटच्या गिरणीत होती.
मागांच्या खडखडाटात बायका ओठांवरूनच बोलायच्या,
मग घरीही तसंच, सवयीनं, बिनआवाजी.
‘शिव्या तेवढ्या मी तशाच शिकले,’ इशबेल म्हणते
आणि एक देऊन दाखवते.
डोळे बारीक करून बघावं लागतं.

गुरुवारी स्कॅन.
पडद्यावर करडं धुकं. हारच.
मग त्यातून एक बाजू: कपाळ, नाक,
खाली हनुवटी, थेट आमच्या आत्याची,
जरा पुढे आलेली, भांडखोर.
जबडा उघडला. मिटला.
जांभई आहे ती, मशीनवरची मुलगी म्हणाली.
असेलही.
मी डोळे बारीक केले,
ओठांकडे बघत राहिले.
म्हटलं, पुन्हा एकदा सांग.