मिठाचं पाणी

स्पंज भिजवायला ग्लेंडानं वाटीत मिठाचं पाणी केलं
तेव्हा मी हसले, आणि ती पोर गोंधळली.
बाय माझे, ह्या कपाळावर
चाळीस वर्षं दुसरं होतं काय?

फॉर्मवर तिनं लिहिलं: सहदेव बाबल गिरकर, वय अडुसष्ट,
धंदा तांडेल. कंसात: निवृत्त.
ह्यांनी पेन मागून घेतलं.
सही आता मुंगीएवढी येते, पण
तो एक शब्द खोडायला
थरथरणारा हात बरा पडला.

बर्फ फॅक्टरीच्या वरची खोली. खिडकीत मालवणची जेटी,
खाली लाद्या घसरल्याचा आवाज.
डोक्याला रबरी पट्टा, दोन ओले चौकोन,
विड्याच्या डब्याएवढं यंत्र.
'एवढ्या करंटवर टॉर्चसुद्धा पेटणार नाही, काकी.'
आणि पाय सायकलवर,
कुठंच न जाणाऱ्या सायकलवर, वीस मिनिटं.
'काका, काय होतंय?'
'मुंगळे चलतत.'
चेहऱ्यावर काही नाही. तिथलं वारं
दोन वर्षांपूर्वीच पडलंय. मी रागावलेय की लाडात आहे
ते त्यांना कळतं, मला त्यांचं कळत नाही.

घरात उंबरठ्यापाशी पाय रुततात.
चिखल नाही, रेव नाही, धुतलेली फरशी,
तरी होडी वाळूत बसावी तसे.
होडीखाली आडवे ओंडके घालता येतात,
चार गडी खांदा देतात. माणसाखाली काय घालायचं?
ग्लेंडा म्हणाली, रेघा.
म्हणून मी खडूनं आडव्या रेघा ओढल्या,
पडवीपासून विहिरीपर्यंत, हातभर अंतरानं,
आणि हे एकेक ओंडका ओलांडत गेले.
शेजारची सत्यवती कुंपणावरून बघत होती.
'ह्यां खंयच्या देवाचां गे?'
'पायांचां,' म्हटलं.

मोबाइलमधली टिकटिक त्यांना मानवेना.
मग मी पाटावर कोयता आपटते,
सुरमई नसली तरी. टक. टक.
मांजरं गोळा होतात, बघतात, शिव्या देत जातात.

पाचव्या आठवड्यात मी तो कागद नीट वाचून घेतला.
अर्ध्या लोकांना पट्टा खरा, वीज नाही.
सुरुवातीला अर्धा मिनिट येते, मग बंद.
मुंगळे सगळ्यांनाच चालतात.
कुणाला काय दिलंय ते ग्लेंडालाही ठाऊक नाही,
पुण्याला कुणाच्या तरी कपाटात पाकीट आहे.
बाजारात असं कुणी केलं असतं
तर टोपली त्याच्या डोक्यावर उपडी केली असती.
घरी येऊन मी भांडी आपटली.
हे बराच वेळ गप्प, मग म्हणाले,
'जाळा मारतंव तेवा खाली मासळी आसा काय नाय,
ता खंय म्हायत आसता?'
इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं,
आणि दुसऱ्यांदा ते वाक्य
तेवढं मोठं वाटलं नाही.
गोळीची वेळ झाली होती. गोळी दिली.

आज दहा मीटर चालायला पंधरा सेकंद लागले.
पहिल्या दिवशी एकोणीस.
ग्लेंडाचे डोळे लकाकले. मी विचारलं, चार सेकंद म्हणजे पुष्कळ?
ती म्हणाली, रस्ता ओलांडताना पुष्कळ.
वीज की सायकल की रेघा की कोयता,
तिनं सांगितलं नाही. तिला सांगता येत नाही
हे मला आवडलं.

पट्टा काढला. कानशिलावर पांढरं सुकलं होतं,
जसं समुद्रावरून परत आल्यावर असायचं.
पदरानं पुसलं.
स्पंजाचं की घामाचं, कोण बघतंय.

दारात पुन्हा पाय अडकले. खाली अकरा पायऱ्या,
पलीकडे बर्फवाल्यांचा टेम्पो उभा.
कोयता घरी राहिलेला.
मी किल्लीनं कठडा वाजवला, टक,
आणि पुन्हा, टक,
टेम्पोवाला वर बघायला लागला,
आणि तिसऱ्याला
डावा पाय, जरा उशिरानं, उठला.